टॉम रॉबिन्सनचं ते एक वाक्य

'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला सगळ्यात धाडसी माणूस कोण असं कुणालाही विचारा, उत्तर अॅटिकस फिंच असंच येणार. आणि का नाही येणार, अख्खी कादंबरी त्याच्या लेकीच्या तोंडून आहे, आणि बापावर जीव असलेली लेक अजून काय सांगणार. त्यात १९६२ चा सिनेमा, ग्रेगरी पेकचा तो आवाज, ते चष्मा काढून बोलणं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि पुढे २००३ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने सिनेमातल्या हिरोंची यादी काढली त्यात अॅटिकस एक नंबरला, इंडियाना जोन्स दोन, जेम्स बॉण्ड तीन. म्हणजे बघा, एक पन्नाशीचा चष्मेवाला वकील, हातात ना पिस्तूल ना चाबूक, केसही हरलेला, आणि तरी बॉण्डच्या वर. मला हे जाम आवडतं.

तरीपण माझं मत विचाराल तर कोर्टातल्या त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं धाडस अॅटिकसने केलेलं नाही. ते टॉम रॉबिन्सनने केलं, एका वाक्यात, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगते. हार्पर लीची कादंबरी, १९६० ची, १९६१ चं पुलित्झर मिळालेली. अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब नावाचं काल्पनिक गाव, मंदीची वर्षं, १९३३ ते ३५. अॅटिकस फिंच हा तिथला वकील, बायको वारलेली, दोन पोरं, जेम आणि स्काउट. टॉम रॉबिन्सन नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय शेतमजुरावर मेयेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप होतो आणि जज टेलर मुद्दाम अॅटिकसला त्याचा वकील नेमतात. टॉम निर्दोष आहे हे वाचणाऱ्याला कळतं, कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला कळतं, ज्युरीलाही कळतं, आणि ज्युरी त्याला दोषी ठरवते. एवढीच गोष्ट. बू रॅडलीचा, म्हणजे वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या शेजाऱ्याचा, भाग वेगळा, त्याच्याकडे नंतर येते.

पुरावा तसा सरळ आहे. मेयेलाच्या तोंडाच्या उजव्या बाजूला मार होता, म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणीच जिनिंगच्या मशीनमध्ये सापडून निकामी झालेला, उजव्यापेक्षा फूटभर आखूड. आणि मेयेलाचा बाप बॉब यूएल डावखुरा, अॅटिकस त्याला भर कोर्टात सही करायला लावतो तेव्हा सगळ्यांना दिसतं. डॉक्टरला कुणी बोलावलंच नव्हतं, वैद्यकीय पुरावा शून्य. खरं झालं होतं ते असं की मेयेलाने वर्षभर नाणी साठवून भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवलं, घर रिकामं केलं, टॉमला काहीतरी काम सांगून आत बोलावलं आणि त्याला मिठी मारून मुका घेतला. बापाने खिडकीतून बघितलं. ते साठवलेल्या नाण्यांचं वाचताना मला दरवेळी कसंतरीच होतं, कारण ती मुलगी खोटं बोलून एका माणसाला मारायला निघालीये आणि तरीही एवढी एकटी आहे की अख्ख्या गावात तिच्याशी नीट वागलेला माणूस तोच एक.

आता तो प्रसंग. सरकारी वकील गिल्मर टॉमची उलटतपासणी घेतोय, त्याला पंचविशीच्या तीन पोरांच्या बापाला 'बॉय', म्हणजे 'ए पोरा', म्हणतोय, सूर असा की मुलांचा दोस्त, छोटा डिल, त्याला तिथेच रडू कोसळतं आणि बाहेर न्यावं लागतं. गिल्मर विचारतो की तू तिची एवढी कामं करायचास, लाकडं फोडायचास, पाणी भरायचास, आणि एक पैसा घेत नव्हतास, का? टॉम म्हणतो, मला तिची कीव यायची, घरात बाकी कुणापेक्षा तीच जास्त राबायची. झालं. कोर्टात एकदम बदल होतो, गिल्मर तेच शब्द उचलून परत परत म्हणतो, आणि टॉमच्या लक्षात येतं की आपण काय बोलून बसलो. कारण त्या गावात काळा माणूस गोऱ्यांना घाबरू शकतो, त्यांची चाकरी करू शकतो, त्यांचा द्वेष केला तरी एकवेळ समजून घेता येतं त्यांना, पण कीव? कीव वरून खाली येते. उकिरड्याशेजारी राहणाऱ्या, गावाने टाकलेल्या यूएलांच्या घरातली का असेना, गोऱ्या मुलीची कीव करायची म्हणजे मी तुझ्याबरोबरीचा माणूस आहे, निदान या क्षणी तुझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहे, असंच म्हणणं झालं ना. बलात्काराचा आरोप खोटा आहे हे त्यांना माहीत होतंच, माफ न होणारा गुन्हा हा होता.

बरं हा माणूस बोलताना किती जपून बोलतोय तेही बघा. मेयेला खोटं बोलतीये असं तो एकदाही म्हणत नाही. गिल्मर त्याला तिथेच अडकवायला बघतो, म्हणजे ती खोटारडी का रे, आणि टॉम म्हणतो की नाही साहेब, तिचा काहीतरी गैरसमज होतोय. गोरी बाई खोटं बोलते हे वाक्य त्याच्या तोंडून निघूच शकत नाही, निघालं तर तिथेच संपला. एकेका शब्दाला जीव टांगलेला आहे आणि तरी नेमकं का मदत केलीस या प्रश्नाला त्याच्या तोंडून खरं उत्तर निघतं. आता तुम्ही म्हणाल की हे धाडस कुठे, ही तर चूक, अनवधानाने गेलं तोंडून. असेल. पण त्याला खोटं सांगणं सोपं होतं, म्हणता आलं असतं की पैसे द्यायचे थोडे, नाहीतर बॉब यूएल सांगायचा म्हणून करायचो. त्याने ते केलं नाही. शपथ घेतली होती आणि खरं विचारलं, खरं सांगितलं.

अॅटिकस हे ओळखतो, ही त्याची मोठी गोष्ट. शेवटच्या भाषणात तो तेच शब्द परत ज्युरीसमोर ठेवतो, की या गरीब, सरळ माणसाने एका गोऱ्या मुलीची कीव करायची हिंमत केली म्हणून आज त्याचा शब्द दोन गोऱ्यांच्या शब्दासमोर उभा आहे. तिरकस बोलतो तो तिथे. सगळ्या भाषणात थॉमस जेफरसन आणि कोर्टासमोर सगळे समान वगैरे जे आहे ते मुलांना पाठ करायला बरं आहे, पण खरा दणका या वाक्यात आहे कारण तिथे तो ज्युरीला तोंडावर सांगतोय की तुम्ही नेमके कशाने चिडलायत ते मला कळलंय.

आता अॅटिकसच्या बाजूने बोलते, नाहीतर वाटेल की मी त्याला खाली खेचायलाच बसलीये. त्याचं धाडस खरं आहे. खटल्याच्या आदल्या रात्री तुरुंगाच्या दारात ऑफिसातली खुर्ची टाकून, घरून आणलेला दिवा लावून तो पेपर वाचत बसतो, कारण टॉमला मारायला लोक येणार हे त्याला माहीत आहे. शेरीफला त्या लोकांनीच थाप मारून रानात पाठवून दिलंय. चार गाड्या भरून माणसं येतात. याच्याकडे काही शस्त्र नाही, आणि हा तोच अॅटिकस बरं का ज्याने काही महिन्यांपूर्वी पिसाळलेलं कुत्रं एका गोळीत पाडलं होतं, गावातला सगळ्यात नेमबाज माणूस, आणि इथे तो बंदूक आणत नाही. मग मुलं तिथे घुसतात आणि स्काउट जमावात वॉल्टर कनिंगहॅमला ओळखते, काका तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे, तुमच्या जमिनीच्या कज्ज्याचं काय झालं, अशा गप्पा मारायला लागते, आणि तो माणूस ओशाळून सगळ्यांना घेऊन निघून जातो. सगळे हा सीन स्काउटच्या निरागसपणासाठी लक्षात ठेवतात. पण वरच्या खिडकीत गावचा पेपर काढणारा अंडरवूड दुनळी बंदूक रोखून बसला होता हे लोक विसरतात, आणि हा अंडरवूड काळ्या लोकांना जवळ फिरकू न देणारा म्हणून गावात प्रसिद्ध! लेखिका असल्या गोष्टी सहज टाकून जाते आणि कुणी उचलत नाही.

धाडस म्हणजे काय याची अॅटिकसची स्वतःची व्याख्या मिसेस ड्यूबोसच्या प्रकरणात येते. भयंकर म्हातारी, रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांना त्यांच्या बापाबद्दल वाट्टेल ते बोलणारी, वर्णद्वेषी म्हणजे अगदी कडवट. तिला मॉर्फिनची सवय लागलेली आणि मरण्याआधी ती सुटलीच पाहिजे म्हणून ती त्या यातना सोसते आणि सुटून मरते. अॅटिकस मुलाला सांगतो की हातात बंदूक घेतलेला माणूस म्हणजे धाडस नव्हे, आपण हरणार हे सुरुवातीलाच माहीत असून सुरुवात करायची आणि शेवटपर्यंत न्यायचं ते धाडस. व्याख्या छानच आहे, स्वतःच्या केसबद्दलच बोलतोय तो. पण गंमत बघा की धाडसाचं उदाहरण म्हणून तो पोरासमोर कुणाला उभं करतो, तर टॉमला गुलामच समजणाऱ्या बाईला. मी पाहिलेलं सगळ्यात शूर माणूस, म्हणतो. तिच्या द्वेषाचा आणि तिच्या शौर्याचा एकमेकांशी काही संबंधच नाही, दोन वेगवेगळ्या खोल्या, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आहे.

आणि माझी त्याच्याबद्दलची तक्रार इथूनच सुरू होते. अॅटिकसला वर्णद्वेष हा माणसाचा स्वभावदोष वाटतो. एखाद्याला दारू, एखाद्याला हा. मारायला आलेल्या कनिंगहॅमबद्दल दुसऱ्या दिवशी तो मुलांना सांगतो की माणूस मुळात चांगलाच आहे, थोडं कमी दिसतं त्याला काही बाबतीत, आपल्या सगळ्यांसारखंच. जेम म्हणतो अहो पण ते तुम्हाला मारायला आलेले, तरी तेच. कू क्लक्स क्लानचा, म्हणजे काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा, विषय निघतो तर म्हणतो की तशी संघटना होती १९२० च्या सुमाराला पण ती जास्त करून राजकीय होती, घाबरवायला कुणी सापडलंच नाही त्यांना. अलाबामात! त्या दशकात! एकतर याला खरंच माहीत नाही किंवा पोरांना घाबरवायचं नाहीये, आणि दुसरं खरं असेल असं मानायला मी तयार आहे, पण तरी.

हे मीच पहिल्यांदा म्हणतीये असं अजिबात नाही. मन्रो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९२ मध्येच लिहिलं होतं की अॅटिकसला वकिलांचा आदर्श म्हणणं बंद करा, त्याने ही केस स्वतःहून घेतलेली नाही, जजने गळ्यात घातली, असली केस आयुष्यात आपल्याकडे येऊ नये अशीच त्याची इच्छा होती (हे अॅटिकस भावाशी बोलताना कबूल करतोच), आणि कोर्टाच्या बाहेर त्या काळ्या-गोऱ्या वेगळ्या व्यवस्थेविरुद्ध त्याने कधी बोट उचललं नाही. वकील मंडळी प्रचंड चिडली त्याच्यावर. आणि १९९७ मध्ये अलाबामाच्या बार असोसिएशनने मन्रोव्हिल, म्हणजे हार्पर लीच्या गावात, अॅटिकस फिंचचं स्मारकच उभं केलं, काल्पनिक वकिलाचं. २००९ मध्ये लेखक माल्कम ग्लॅडवेलने 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात परत तोच विषय काढला, की अॅटिकस हा व्यवस्था बदलणारा नाही, माणसांची मनं बदलतील अशी वाट बघणारा सभ्य दाक्षिणात्य गृहस्थ आहे.

फ्रीडमनचं एक मला पटत नाही, जजने नेमला म्हणून धाडस कमी होतं हे. नेमलेला वकील अर्धा तास उभा राहून, दोन प्रश्न विचारून घरी जाऊ शकला असता, तेव्हा तसंच व्हायचं. खरी उदाहरणं आहेत. १९३१ च्या मार्चमध्ये अलाबामातच मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय पोरांना उतरवलं, दोन गोऱ्या मुलींवर बलात्काराचा आरोप, स्कॉट्सबरोला खटला, काही दिवसांत आठ जणांना मृत्युदंड. वकील नावालाच. शेवटी १९३२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जिवावरची केस असेल तर आरोपीला खराखुरा वकील मिळाला पाहिजे. तर त्या अलाबामात अॅटिकस टॉमची केस मन लावून लढतो ही लहान गोष्ट नाही.

पण स्कॉट्सबरोमध्येच एक माणूस आहे जो मला अॅटिकसपेक्षा जास्त छळतो. जज जेम्स हॉर्टन. फेरखटल्यात दोनपैकी एक मुलगी, रुबी बेट्स, कोर्टात येऊन सांगते की बलात्कार झालाच नव्हता, तरी ज्युरी हेवूड पॅटरसनला दोषी ठरवून मृत्युदंड सुनावते. आणि जून १९३३ मध्ये हा जज, गोरा, दक्षिणेतलाच, जुन्या घराण्यातला, ज्युरीचा निकालच रद्द करतो, पुरावा यांच्या म्हणण्याला आधार देत नाही म्हणून. पुढच्या वर्षी निवडणुकीत पडला, जजगिरी संपली. तिकडे जज लोकांना निवडून यावं लागतं, आणि त्याला सांगणारे सांगत होतेच की असं केलंस तर संपशील. आता मेकॉम्बमध्ये या. जज टेलर अॅटिकसला नेमून देतात, खटला नीट चालवतात, बॉब यूएलला झापतात, आणि ज्युरीने दोषी म्हटल्यावर? काही नाही. पुस्तकात सगळेजण टेलरला गुपचूप चांगुलपणा केल्याबद्दल शाबासकी देतात. हॉर्टनने जे खरोखर केलं ते कादंबरीतल्या कुणाला सुचलंसुद्धा नाही, हे मला विचित्र वाटतं, कारण सहसा कादंबरीतली माणसं खऱ्यांपेक्षा धाडसी असतात.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. टॉमचा खटला १९३५ च्या उन्हाळ्यातला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, स्कॉट्सबरोच्याच दुसऱ्या अपिलात, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता की ज्युरीतून काळ्या लोकांना पद्धतशीरपणे बाहेर ठेवणं घटनाविरोधी आहे. अलाबामाचीच केस. तिथल्या प्रत्येक वकिलाच्या तोंडी असणार तेव्हा ती. आणि अॅटिकस बारा गोऱ्या शेतकऱ्यांच्या ज्युरीसमोर उभा राहतो आणि त्या ज्युरीच्या रचनेबद्दल एक अक्षर काढत नाही. अर्ज नाही, हरकत नाही, खटला दुसरीकडे हलवा अशी मागणी नाही. मुलगा विचारतो की ज्युरीत आपल्यासारखे लोक का नसतात तर तो गावातले प्रतिष्ठित लोक अंगाला लावून घेत नाहीत असं सांगतो, बायकांना ज्युरीत बसता येत नाही यावर विनोद करतो (अलाबामात तो नियम १९६६ पर्यंत होता), पण काळी माणसं का नसतात यावर काही नाही. आता कुणी म्हणेल की कादंबरी आहे, लॉ रिपोर्ट नाही. मान्य. लेखिका लिहीत होती १९५० च्या दशकात, तिला कायद्याचा कीस पाडायचा नव्हता. पण तीच लेखिका वकिलाची मुलगी, स्वतः कायदा शिकून अर्धवट सोडलेली, तिला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तिचे वडील ए. सी. ली यांनी १९१९ मध्ये दोन कृष्णवर्णीय माणसांची खुनाच्या केसमध्ये बाजू घेतली होती, बापलेक होते दोघे. दोघांनाही फाशी झाली. त्यानंतर लींनी फौजदारी केस घेतली नाही म्हणतात. म्हणजे अॅटिकसच्या मागे जो खरा माणूस आहे त्याने हरल्यावर ते दारच लावून घेतलं. मी याला भित्रेपणा म्हणणार नाही, दोन माणसं आपल्या हातून गेल्यावर कोण काय करेल सांगता येत नाही. पण मुलीने बापाला पुस्तकात ती केस परत लढायला लावली, आणि परत हरवलं.

मग २०१५ मध्ये लीचंच दुसरं पुस्तक, 'गो सेट अ वॉचमन', आलं आणि लोकांचा जीव गेला. वीस वर्षांनंतरचं मेकॉम्ब, ७२ वर्षांचा अॅटिकस शाळांमधला वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या सिटिझन्स कौन्सिलच्या मीटिंगला बसलेला, आणि मोठी झालेली स्काउट वरच्या गॅलरीतून बघतीये, त्याच कोर्टाच्या त्याच गॅलरीतून जिथून लहानपणी टॉमचा खटला बघितला होता. लिहिलं गेलं आधी, छापलं गेलं नंतर, त्याच कच्च्या मसुद्यातून पुढे मॉकिंगबर्ड तयार झालं, म्हणून काहीजण म्हणाले की तो वेगळा अॅटिकस, हा वेगळा, मोजू नका. मला तो वेगळा वाटत नाही. त्यात एक जागा आहे, कॅलपर्नियाच्या, म्हणजे फिंचांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, मुलांना वाढवलेल्या काळ्या बाईच्या, नातवाच्या गाडीखाली एक गोरा दारुडा मरतो आणि अॅटिकस लगेच केस घ्यायला तयार होतो. वा, तोच अॅटिकस. पण का घेतो तर एनएएसीपीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, वकिलांनी घेऊ नये म्हणून, कारण ते लोक येतात आणि ज्युरीत काळी माणसं हवीत अशी मागणी करतात! वाचताना मी तिथे थांबले. १९३५ मध्ये जी हरकत त्याने घेतली नव्हती ती का घेतली नव्हती, याचं इतकं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. त्याला टॉमला वाचवायचं होतं, मनापासून. टॉमचे शेजारी ज्युरीच्या बाकावर बसलेले त्याला नको होते.

हे दोन्ही एका माणसात राहू शकतं हे कळणं म्हणजे अॅटिकस कळणं, असं मला वाटतं. आणि म्हणून तो मला आधीपेक्षा जास्त खरा वाटतो, कमी आवडतो, पण जास्त खरा.

पुस्तकात काळ्या लोकांची बाजू कमी आहे ही तक्रार जुनी आहे आणि बरोबर आहे, टॉमच्या बायकोला, हेलनला, धड पाच वाक्यं नाहीत. पण जी आहे ती नीट वाचत नाही आपण. कॅलपर्निया मुलांना तिच्या चर्चमध्ये घेऊन जाते तिथे ल्युला नावाची बाई उभी राहते आणि विचारते की गोरी पोरं इथे कशाला आणलीस. बाकीचे तिला गप्प करतात आणि पुस्तकही तिला भांडकुदळ म्हणून सोडून देतं, पण प्रश्न बरोबरच होता की तिचा. त्याच चर्चमध्ये रेव्हरंड साइक्स हेलनसाठी वर्गणी काढतात, पैसे मोजतात, कमी भरतात, आणि दारं लावून घेतात, दहा डॉलर पुरे झाल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. मंदीतले दहा डॉलर, कपडे धुऊन आणि कापूस वेचून जगणाऱ्या माणसांकडून. आणि निकालानंतर दुसऱ्या दिवशी अॅटिकसच्या स्वयंपाकघरात त्याच लोकांनी आणून ठेवलेल्या कोंबड्या, भाज्या, पाव यांचा ढीग. त्याचे डोळे भरून येतात, सांगतो की परत असं करू नका म्हणावं, दिवस कठीण आहेत. सिनेमामुळे सगळ्यांच्या डोळ्यासमोर हरलेला अॅटिकस कोर्टातून निघताना गॅलरीत उभे राहिलेले काळे लोक असतात, आणि स्काउटला सांगणं, बाप चाललाय, उभी रहा पोरी. मला ते कुलूपबंद चर्च जास्त भिडतं. तिथे अॅटिकस नाहीये, भाषण नाहीये, एक भटजी आहे आणि त्याचा हिशेब.

किंमत कुणी मोजली तेही बघा. अॅटिकसच्या तोंडावर बॉब यूएल थुंकतो, पोरांना शाळेत बोलणी बसतात, शेवटी त्यांच्यावर हल्ला होतो, जेमचा हात मोडतो. हे कमी नाही. पण पुढच्या निवडणुकीत गाव त्याला परत विधिमंडळावर बिनविरोध पाठवतं. आणि टॉम तुरुंगाच्या शेतावरून पळताना कुंपणावर मरतो, १७ गोळ्या. दोन्ही हात धड असते तर निसटला असता म्हणतात रखवालदार. अॅटिकस अपिलाची आशा दाखवत होता, टॉम त्याच्यावर विसंबून राहिला नाही. गोऱ्या माणसांनी दिलेल्या संधींना तो कंटाळला असेल, असं काहीसं अॅटिकसच म्हणतो नंतर. यात चूक कुठे आहे, विश्वास ठेवून बसला असता तर काय मिळणार होतं त्याला.

आणि बू रॅडली. शेवटी बॉब यूएलला बू मारतो, मुलांना वाचवताना, आणि शेरीफ टेट म्हणतो की यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला, विषय बंद. अॅटिकस आधी अडतो, त्याला वाटतं जेमने मारलंय आणि लपवाछपवी नको, मग कळतं की बू आहे आणि तो मान्य करतो. लाजाळू, कोपऱ्यात राहणाऱ्या माणसाला गावासमोर ओढायचं नाही. योग्यच आहे, मीपण तेच केलं असतं. पण कायदा दयेपुढे असा वाकू शकतो हे या गावाला माहीत होतं तर. गोऱ्या माणसासाठी माहीत होतं.

मन्रोव्हिलचं जुनं कोर्ट आता म्युझियम आहे, दरवर्षी तिथे मॉकिंगबर्डचं नाटक होतं, गावातले लोकच भूमिका करतात. आणि त्याच मन्रोव्हिलमध्ये १९८७ मध्ये वॉल्टर मॅकमिलियन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला एका गोऱ्या मुलीच्या खुनासाठी पकडलं. खून झाला त्या वेळी तो घरी होता, चर्चसाठी मासे तळून विकायचा कार्यक्रम चालू होता, डझनावारी माणसं साक्षीला, बहुतेक सगळी काळी, म्हणून त्यांचा शब्द धरला नाही. खटला उभा राहण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांमध्ये नेऊन ठेवलं. खटला दुसऱ्या काउंटीत हलवला जिथे काळी वस्ती कमी, ज्युरीत अकरा गोरे आणि एक काळा, दीड दिवसात दोषी. ज्युरीने जन्मठेप सुचवली तर जजने ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. त्या जजचं नाव रॉबर्ट ई. ली की (आडनाव 'की'), यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतीचंच नाव, कादंबरीत असं नाव दिलं असतं तर संपादकाने काढायला लावलं असतं. ब्रायन स्टीव्हन्सन नावाच्या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने ती केस घेतली, कुणी नेमलं नव्हतं, आणि मार्च १९९३ मध्ये मॅकमिलियन सुटला. स्टीव्हन्सनने गावकऱ्यांना अॅटिकसचा किती अभिमान आहे ते बघितलं होतं, लिहिलंयही. जज हॉर्टनने ज्युरीला ओलांडलं ते जीव वाचवायला, आणि पंचावन्नेक वर्षांनी जज 'की' साहेबांनी ओलांडलं ते घ्यायला.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर एक गोष्ट मात्र माझ्या घशात अडकून आहे. टॉमच्या ज्युरीला निकाल द्यायला कित्येक तास लागले, रात्रीचे अकरा वाजून गेले, जिथे पाच मिनिटं पुरली असती. का, तर एक जण बराच वेळ अडून बसला होता, निर्दोष सोडा म्हणत होता. तो होता कनिंगहॅमांपैकी एक, तुरुंगावर चालून आलेल्या वॉल्टरचा सख्ख्यासारखा चुलतभाऊ. आणि अॅटिकसला ज्युरी निवडताना हे नातं माहीत होतं. त्याला काढता आलं असतं, त्याने मुद्दाम ठेवला. जेम किंचाळतोच, आदल्या रात्री मारायला आलेल्यांच्या घरातला माणूस तुम्ही ज्युरीत ठेवलात? अॅटिकस म्हणतो की त्यांची एकदा खात्री पटवली की ते लोक जिवाला जीव देतात, एकच होता तो, दोन असते तर ज्युरी अडकली असती, एकमत झालंच नसतं. म्हणजे त्याचं ते माणसं मुळात चांगली असतात वालं गुळगुळीत तत्त्वज्ञान, ज्याला मी इतका वेळ नावं ठेवतीये, त्याच्या जोरावर त्याने बारातला एक मिळवला, जो कुठल्याही घटनात्मक हरकतीने त्याला त्या दिवशी मिळाला नसता. आणि मग अकरा वाजले, आणि त्या एकानेही दोषी म्हणून मत दिलं.